पंचवीस किलोमीटरच्या खड्ड्यात पाच दिवस

दिवस पहिला : खड्डा कुठाय?

"आलं का रे विवर?" मी खिडकीला नाक लावून विचारलं. बाहेर शेतं, त्यांच्या पलीकडे शेतं आणि लांब कुठंतरी चर्चचा एक मनोरा.

"अगं ताई, कड ओलांडून पाच मिनिटं झाली," धाकटा म्हणाला.

तो भूशास्त्र शिकवतो, मी भौतिकशास्त्र. दोघंही शिकवणारे, त्यामुळे एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय दोघांनाही कमीच. डोनाउव्योर्थला गाडी बदलून आम्ही जर्मनीच्या दक्षिण भागातल्या न्योर्डलिंगेनकडे निघालो होतो. व्योर्नित्स नदीच्या कडेनं गाडी जाते, डोक्यावर हारबुर्गचा किल्ला दिसतो, मग डोंगर बाजूला होतात आणि एकदम सपाटी सुरू होते. विवराची कड तीच. मी नेमकी तेव्हा बॅगेत चष्मा शोधत होते.

विवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणार येतं. काठावर उभं राहायचं, खाली बघायचं, गोल तळं दिसतं, काम झालं. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर. रीस नावाचं हे विवरही लोणारसारखंच आकाशातून पडलेल्या दगडानं, म्हणजे अशनीनं झालेलं, पण त्याच्या तेरा-चौदापट रुंद आहे, जवळजवळ २५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या खड्ड्यात शिरल्यावर आपण खड्ड्यात आहोत हे कळायला मार्गच नसतो.

सामान टाकलं आणि लगेच सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्याकडे गेलो. मनोऱ्याचं नाव डॅनियल, उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०. दोनशेच्या पुढे मी मोजणं सोडलं. वर पोचल्यावर पहिल्यांदा दिसतं ते गाव : लाल कौलं आणि त्यांच्याभोवती पूर्ण गोल तटबंदी. "बघ, विवर!" असं मी म्हणणार होते, पण ही गोलाई माणसांनी बांधलेली आहे, तिचा अशनीशी काही संबंध नाही. तटबंदीचा घेर पावणेतीन किलोमीटर. खरं विवर बघायचं तर नजर क्षितिजावर न्यावी लागते. तिथं सगळीकडून एक गडद, झाडीची रेघ फिरलेली असते. उत्तरेला अंधूक, दक्षिणेला जवळ, पण कुठंही न तुटणारी. मी मनोऱ्याच्या कठड्याला धरून एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि रेघ सुरू झाली तिथंच येऊन मिळाली.

ईर्षेनं मी तिथंच हिशेब मांडला. आजूबाजूचं पठार विवराच्या तळापेक्षा शंभर-दीडशे मीटर उंच. म्हणजे एक मीटर रुंदीचं ताट घेतलं तर त्याची कड जेमतेम पाच मिलिमीटर. असलं ताट कुणी खड्डा म्हणून ओळखेल का? गेल्या दीड कोटी वर्षांत पाऊस, नद्या आणि गाळ यांनी ते आणखी गुळगुळीत केलंय. नेमका आकडा सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांचा.

उतरताना धाकट्यानं माझा हात धरून जिन्याच्या भिंतीवर ठेवला. राखाडी, किंचित हिरवट, खरखरीत दगड. त्यात काळे तुकडे, पांढरे ठिपके, कुठं भोकं.

"हे काय असेल?"

"निकृष्ट काँक्रीट," मी म्हटलं.

"सुएव्हाइट. आघातात वितळलेली आणि फुटलेली जमीन. सगळं चर्च याचंच आहे."

पंधराव्या शतकात हे चर्च बांधणाऱ्यांनी जवळ मिळणारा, कापायला सोपा दगड वापरला. त्या दगडात सूक्ष्म हिरेसुद्धा आहेत, मूळ खडकातल्या ग्रॅफाइटवर क्षणभर अफाट दाब पडून झालेले. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा कुणी हातोडी घेऊन निघू नये.

दिवस दुसरा : एक पाकीट दगड

आजचा दिवस विवराच्या संग्रहालयात गेला. १५०३ सालच्या एका कोठारात ते १९९० साली सुरू झालं. बाहेरून बघून आत चंद्राचा दगड असेल असं वाटत नाही, पण आहे. अपोलो १६ नं आणलेला, काचेच्या पेटीत. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. खरं सांगायचं तर तो सुएव्हाइटपेक्षा फार वेगळा दिसत नाही, आणि या गावात त्याला जागा मिळाली ती त्याचमुळे.

या जागेचं कोडं शंभरहून जास्त वर्षं भूशास्त्रज्ञांना छळत होतं. सुएव्हाइटमध्ये काच आहे, म्हणजे हा ज्वालामुखी, असं बहुतेकांचं मत. पण लाव्हा कुठाय? पठारावर काही ठिकाणी चुनखडीचे पृष्ठभाग घासून तुळतुळीत झालेत, त्यावर ओरखडे आहेत. मग हिमनदी असेल, असं काहींनी मांडलं. पण हिमनदीचे ओरखडे एका दिशेनं जातात. हे सगळे विवराच्या मध्यापासून बाहेर निघालेले. कुणी म्हणालं, जमिनीखाली वाफ कोंडून स्फोट झाला. १९०४ साली एर्न्स्ट वेर्नर यांनी अशनीचं नाव घेतलं, १९३६ साली ऑटो श्टुट्झर यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराशी तुलना करून तेच पुन्हा सांगितलं. दोघांचंही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मला यात त्या लोकांचा मूर्खपणा दिसत नाही. आकाशातून दगड पडून पंचवीस किलोमीटरचा खड्डा होतो, हे पुराव्याशिवाय मान्य करायला मीसुद्धा तयार झाले नसते.

पुरावा आला १९६० च्या जुलैमध्ये. युजीन शूमेकर नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ इथं आले, ऑटिंग गावाजवळच्या खाणीतून सुएव्हाइटचे तुकडे घेतले आणि वॉशिंग्टनला एडवर्ड चाओ यांच्याकडे टपालानं पाठवून दिले. चाओंना त्यात कोएसाइट सापडलं.

कोएसाइट म्हणजे वाळूच, पण चिरडलेली. क्वार्ट्झवर वीस-तीस हजार वातावरणांइतका दाब आला की त्यातले अणू दाटीवाटीनं नव्यानं बसतात. १९५३ मध्ये लोरिंग कोएस यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं होतं, तोवर निसर्गात कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढा दाब शांतपणे मिळायचा तर सत्तर-ऐंशी किलोमीटर खाली जावं लागतं. जमिनीच्या वरच्या थरात ज्वालामुखी असा दाब धरूच शकत नाही; डोक्यावरचा खडक आधी उडून जाईल. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या विवरातही हे खनिज मिळालं होतं. तेव्हा एका पाकिटातल्या मूठभर खड्यांनी शंभर वर्षांचा वाद मिटवला.

दुपारी आमचं भांडण झालं. मुद्दा माझाच होता. अशनी तिरका आला तर खड्डा लांबट पडायला हवा, चिखलात तिरका दगड मारल्यावर पडतो तसा. मग जगभरची, चंद्रावरची, मंगळावरची विवरं गोल का?

"तू दगड मारतेस तो किती वेगानं?"

मी गप्प बसले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. वेग सेकंदाला २० किलोमीटर धरला, तर एक किलो दगडात २० कोटी ज्यूल गतिज ऊर्जा होते. एक किलो टीएनटी या स्फोटकात साधारण ४२ लाख. म्हणजे नुसता वेगानं येणारा धोंडा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पन्नासपट स्फोटक आहे. त्या ऊर्जेच्या विसाव्या हिश्शातही खडकाची वाफ होते. तेव्हा तो जमीन खणत आत जात नाही. थांबतो आणि त्याचा स्फोट होतो. स्फोटाचा खड्डा गोल, मग बॉम्ब कुठूनही येऊन पडलेला असो. अगदी जमिनीला घासत आला तरच लांबट.

रीसवर पडलेला लघुग्रह एक ते दीड किलोमीटर व्यासाचा असावा. त्याचा खालचा भाग जमिनीला टेकला तेव्हा वरचा भाग अजून डोंगराएवढ्या उंचीवर होता. वातावरणाचे शंभर किलोमीटर पार करायला त्याला पाच-सात सेकंद पुरली. हवेनं त्याला अडवलं असं म्हणणं म्हणजे कागदानं गोळी अडवली म्हणण्यासारखं. स्फोटात तो सगळा वाफ झाला, म्हणूनच इथं त्याचा एकही तुकडा सापडत नाही. ॲरिझोनाचा अशनी लोखंडी आणि खूप लहान होता, त्याचे तुकडे मिळतात.

लहान दगडांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना हवा खरंच फोडते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर आलेला दगड वीसेक मीटरचा होता आणि उंच हवेतच फुटला. आधी सूर्यापेक्षा प्रखर उजेड पडला. लोक काय झालं ते बघायला खिडक्यांशी गेले. दोनेक मिनिटांनी धक्का-लाट पोचली आणि काचा त्यांच्या अंगावर आल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. उजेड प्रकाशाच्या वेगानं येतो आणि धक्का आवाजाच्या, एवढं डोक्यात असतं तर ते खिडकीपासून लांब गेले असते. मी वर्गात दरवर्षी वीज आणि गडगडाटाचं उदाहरण देते. यापुढे हे देईन. शुक्रावर तर हवेचं कवच इतकं जाड आहे की तीनेक किलोमीटरपेक्षा लहान विवरं तिथं जवळपास नाहीतच. लहान पाहुणे दारातच संपतात.

दिवस तिसरा : चिखल

सकाळपासून पाऊस. धाकट्याला त्याचा आनंद झाला, ओल्या दगडात रंग उठून दिसतात म्हणून. मला झाला नाही.

गाडी भाड्यानं घेतली होती. आधी आल्टेनब्युर्गची जुनी खाण. परवाच्या चर्चचा दगड इथून गेला. भिंतीला बोट लावलं तर कण सुटतात, इतका मऊ. बांधायला सोपा, टिकायला अवघड, त्यामुळे चर्चची डागडुजी कायम चालू असते. मग विवर पूर्ण ओलांडून ईशान्येला आउम्युलेची खाण. रस्ता एका फाट्यावर चुकला आणि आम्ही एका शेताच्या बांधाशी जाऊन थांबलो. मागे वळताना चाक चिखलात रुतलं. ढकलायचं काम मोठ्या बहिणीकडे आलं, कारण "ताई, तुला गाडी चालवता येत नाही ना".

पण आउम्युलेची भिंत बघितल्यावर चिखल विसरले.

खाली रंगीबेरंगी गोंधळ. तांबडी माती, जांभळट माती, काळपट चिकणमातीचा गोळा, त्यात अडकलेला पांढरा चुनखडीचा धोंडा, पिवळा वालुकाश्म. कशाचा कशाला मेळ नाही. कोट्यवधी वर्षांच्या अंतरानं एकावर एक साचलेले थर कुणीतरी उचलून, घुसळून, ओतून टाकलेत. जर्मनमध्ये त्याला 'रंगीत भरड' अशाच अर्थाचं नाव आहे, बुंटे ब्रेशिया. आणि त्याच्यावर, सुरीनं कापल्यासारख्या रेषेनंतर, एकसारखा राखाडी सुएव्हाइट. मी ती रेष जवळून पाहिली. अर्ध्या बोटाइतकाही मिसळलेला पट्टा नाही. खाली थंड ओली माती, वर एकेकाळी सहाशे अंशांहून गरम असलेला ढीग.

"यातलं आधी काय आलं?" त्यानं परीक्षा घेतली.

खालचं आधी, हे उघड होतं. स्फोट होताच वरचे थर एका तिरक्या पडद्यासारखे चारी बाजूंना उसळले. हा माल फार तापला नव्हता. फक्त फेकला गेला. तो पडला तिथं थांबला नाही. पडताना तिथली जमीन नांगरत, तीही आपल्यात कालवत पुढे सरकला. त्यामुळे विवरापासून जितकं लांब जावं तितका त्या भरडीत स्थानिक मातीचा वाटा वाढत जातो. चुनखडीचे काही धोंडे तर सत्तर किलोमीटरवर जाऊन पडलेत. त्यानंतर खोलवरचा, ग्रॅनाइटसारख्या खडकांचा वितळलेला आणि तापलेला माल वर गेला आणि या भरडीवर येऊन बसला. कसा बसला, आकाशातून पडला की जमिनीलगत वाहत आला, यावर अजून वाद आहेत. या तापलेल्या ढिगातून वायू बाहेर पडले, त्यांची धुराडी काही ठिकाणी या दगडात उभी दिसतात.

सुएव्हाइटमध्ये काळ्या काचेचा एक तुकडा होता, तळहाताएवढा, चपटा, कडा पीळ पडल्यासारख्या. वितळलेला असताना तो हवेतून भिरभिरत गेला होता. मी बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत उभी राहिले. फोडून घ्यायचा मोह झाला, पण हातोडी आम्ही मुद्दामच आणली नव्हती.

सगळ्यात लांब गेलेला माल इथं सापडत नाही. आघाताच्या अगदी पहिल्या क्षणी, धोंडा जमिनीला टेकत असताना, सर्वांत वरची वाळू वितळून पुढच्या दिशेनं उडाली आणि दोनशे ते साडेचारशे किलोमीटर पूर्वेला, आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या प्रदेशात, हिरव्या काचेच्या थेंबांसारखी पडली. लोक ती मोल्डाव्हाइट म्हणून दागिन्यांत वापरतात. संग्रहालयात तिचे तुकडे होते. बाटलीच्या फुटक्या काचेसारखा रंग, पण पृष्ठभागावर खळगे.

ऑटिंगला पोचेपर्यंत पाऊस थांबला. ही शूमेकरची खाण. एकटीच, शांत, काही भव्य नाही. १९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलोचे अंतराळवीर या भागात सरावाला आले होते : ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, आणि त्यांच्या जागी वेळ पडल्यास जायला तयार असलेले युजीन सर्नान व जो एंगल. चाचणी-वैमानिक माणसं, त्यांना दगड वाचायला शिकवायचं होतं. अपोलो १४ चं ठिकाण फ्रा मॉरो ठरलं होतं. तिथली जमीन म्हणजे चंद्रावरच्या इंब्रियम या प्रचंड विवरातून फेकली गेलेली भरड. थोडक्यात, चंद्रावरचं आउम्युले. त्यांना घरबसल्या तसलं काही दाखवायचं तर रीसइतकी सोयीची जागा नव्हती.

परतताना मी विचारलं, या आघातानं पृथ्वीवरचं काय काय मेलं? आसपासच्या शेकडो किलोमीटरमधलं जवळपास सगळं, तो म्हणाला. पण जगभरात जीवांचा सामूहिक नाश इथून झालेला दिसत नाही. मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला पडलेल्यानं डायनोसॉर कसे संपवले? एक तर आकार. तो दहा-पंधरा किलोमीटरचा. व्यास सातपट झाला की वस्तुमान तीनशेपटीच्या वर जातं, कारण ते घनानं वाढतं. त्याचं विवर १८० किलोमीटरचं. दुसरी गोष्ट म्हणजे तो कुठं पडला. तिथल्या खडकात जिप्सम होतं, म्हणजे गंधक असलेलं खनिज. ते वाफ होऊन उंच वातावरणात गेलं, धूळ आणि काजळीसोबत सूर्य झाकला, थंडी पडली, वनस्पती गेल्या, मग त्यांना खाणारे, मग त्यांनाही खाणारे. लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी १९८० मध्ये सहकाऱ्यांसोबत अशा आघाताची कल्पना मांडली ती मातीच्या एका पातळ थरातल्या इरिडियमवरून. जमिनीवर हा धातू दुर्मीळ, अशनींत त्या मानानं भरपूर. तोच दगड खोल समुद्रात पडता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. या 'कदाचित'वर माझा फार विश्वास नाही, पण धाकटा ठाम होता.

दिवस चौथा : घोड्याची शेपटी आणि गोगलगाय

श्टाइनहाइम रीसच्या नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर. इथलं विवर ३.८ किलोमीटरचं, आणि हे खरंच दिसतं! कडेवरून खाली वाटी आणि वाटीच्या मधोमध एक टेकडी. पहिल्या दिवशीची माझी हौस इथं फिटली.

मधली टेकडी हा गाळ किंवा ज्वालामुखी नव्हे. पाण्यात दगड टाकला की पाणी आधी दबतं आणि मग मधून एक थेंब वर उसळतो, तसं जमिनीनं केलं, फक्त थेंब परत खाली पडायच्या आत गोठला. तिथले थर मूळ जागेपेक्षा शेकडो मीटर वर आलेत. मोठ्या विवरांत मधली टेकडीही कोसळते आणि तिच्या जागी कडं उरतं. रीसच्या आत अशी एक कडी आहे, पण ती गाळाखाली जवळपास सगळी झाकली गेलीय. चंद्रावर हा क्रम नीट दिसतो : लहान विवर म्हणजे वाटी, मधलं म्हणजे टेकडी, मोठं म्हणजे कडी.

इथल्या छोट्या संग्रहालयात मला हवी ती वस्तू होती. चुनखडीचा वीतभर तुकडा, त्यावर एका टोकापासून फाकत गेलेल्या बारीक रेघा, घोड्याच्या शेपटीसारख्या. याला आघात-शंकू म्हणू या. १९०५ मध्ये ब्रांको आणि फ्रास या भूशास्त्रज्ञांनी श्टाइनहाइममध्येच त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'किरणचुनखडी'. कसे झाले ते त्यांना माहीत नव्हतं. आज जगात कुठंही असा शंकू दिसला की भूशास्त्रज्ञ म्हणतो, इथं काहीतरी पडलंय. धक्क्याची लाट आवाजापेक्षा वेगानं खडकातून जाताना त्याला अशा शंकूच्या पृष्ठांवर फोडते, आणि टोक साधारण धक्क्याच्या उगमाकडे असतं. धाकट्यानं तो तुकडा तिरका धरून उजेडात फिरवला. रेघांच्या अंगावर आणखी बारीक रेघा, त्यांच्यावर आणखी. माझ्या चष्म्याचा नंबर तिथं संपला.

विवरात नंतर तळं झालं होतं. त्यातल्या गोगलगाईंचे शंख थरांथरांत साचले. खालच्या थरात चपटे शंख, वर जावं तसे मळसूत्री, उंच, मग पुन्हा वेगळे. फ्रान्झ हिल्गेनडोर्फ नावाच्या तरुणानं १८६० च्या दशकात ते थर वेचून १८६६ मध्ये कोणापासून कोण झालं याची वंशावळ मांडली. जीवाश्मांवरून काढलेल्या अशा वंशावळींत ती अगदी पहिल्यांपैकी, आणि डार्विननंही तिची दखल घेतली. खड्डा पडताना सगळं मेलं आणि त्याच खड्ड्यात उत्क्रांतीचा पुरावा साचला. हिल्गेनडोर्फला आपण अशनीच्या विवरात बसलोय हे माहीतही नव्हतं.

रीस आणि श्टाइनहाइम एकाच दिवशी झाले का? बराच काळ तसं मानत आले : लघुग्रह आणि त्याचा छोटा सोबती, जोडीनं आले. अलीकडे काही संशोधकांनी दोघांच्या वयात अंतर असावं अशी शंका काढलीय. जोडीचे लघुग्रह मात्र खरंच असतात. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानानं अशाच एका जोडीतल्या धाकट्या डायमॉर्फसला मुद्दाम धडक दिली. तो थोरल्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. धडकेनंतर फेरी अर्ध्या तासाहून जास्त लवकर पूर्ण करू लागला. यानाच्या धक्क्यापेक्षा उडालेल्या धुळीच्या उलट रेट्याचा वाटा त्यात मोठा होता. इथंही खड्ड्यातून बाहेर काय फेकलं जातं हाच प्रश्न. "धाकट्यांनाच का धडकतात?" असं आमच्या धाकट्यानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

रात्री आभाळ मोकळं झालं. चंद्र नऊ-दहा दिवसांचा. न्योर्डलिंगेनच्या तटावर दुर्बिणीसाठी कोपर टेकायला जागा मिळाली. इंब्रियमचं काळं मैदान, त्याच्या काठाच्या दक्षिणेला ९३ किलोमीटरचं कोपर्निकस, खाली टायको आणि त्यापासून निघालेले पांढरे पट्टे. ते पट्टे म्हणजेही भरड. कोपर्निकसच्या खाली, जिथं काही खास दिसत नाही, ते फ्रा मॉरो.

शूमेकरना चंद्रावर जायचं होतं. ॲडिसन्स नावाच्या आजारामुळे त्यांना अंतराळवीर होता आलं नाही, म्हणून त्यांनी इतरांना शिकवलं. पुढे त्यांनी, पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही यांनी मिळून शोधलेला धूमकेतू १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात गुरूवर आदळला. गुरूच्याच ओढीनं आधी वीसहून जास्त तुकडे झाले होते, ते एकामागून एक, सेकंदाला ६० किलोमीटर वेगानं. उमटलेले काळे डाग लहान दुर्बिणींतूनही दिसले, त्यांतले काही पृथ्वीहून रुंद. आघात ही जुन्या काळची गोष्ट नाही, हे तेव्हा साऱ्या जगानं बघितलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरं शोधत फिरताना मोटारीच्या अपघातात शूमेकर गेले. त्यांची थोडी राख लुनार प्रॉस्पेक्टर यानातून चंद्राकडे पाठवली. ३१ जुलै १९९९ ला ते यान मुद्दामच चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवण्यात आलं.

"म्हणजे आघातानंच पोचले," मी म्हटलं.

धाकटा दुर्बीण सोडायला तयार नव्हता.

दिवस पाचवा : घड्याळ

गाडी दुपारची. सकाळी वालरश्टाइनच्या खडकावर जाऊन आलो. सपाट शेतांतून एकटाच वर आलेला हा खडक रीसच्या आतल्या कडीवर आहे, पण वरचा दगड गोड्या पाण्याच्या झऱ्यांनी साचवलेली चुनखडी. विवरात तळं झालं, खारं, सोडायुक्त, बाहेर वाट नसलेलं, आणि ते वीसेक लाख वर्षं टिकलं. त्याच्या गाळात १९७३ मध्ये १२०६ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा तळ्याचा गाळच तीनशे मीटरांहून जास्त लागला. आघातानं तापलेल्या खडकातून ऊन झरे हजारो वर्षं वाहत राहतात. मंगळावर अशी तळी असलेली विवरं आहेत, आणि जीवाची खूण शोधणारे तिथंच का जातात ते या खडकावर बसल्यावर समजतं.

स्टेशनवर मी बुटांच्या तळव्यांतली माती काढत बसले. तांबडी, काळी, पांढरी.

गाडी हलली तसं मी घड्याळ धरलं. समजा, हाच आघाताचा क्षण. फलाट संपायच्या आत लघुग्रहाची वाफ झाली. गाडी वेग घेते आहे : खड्डा चार किलोमीटर खोल, आणि आता तळ परत वर उसळतोय. अजून पहिलं मिनिट संपलं नाही. मग कडा आत कोसळतात, खड्डा रुंद आणि उथळ होत जातो. मोएटिंगेनचं स्टेशन येतं. भरड बाहेर सगळीकडे पसरून झालीय. आता वरून राखाडी, तापलेलं काहीतरी उतरायला लागलंय.

डावीकडे डोंगर जवळ आला, दरी सुरू झाली.

"गेली कड," धाकटा म्हणाला. "बघितलीस?"

"बघितली. बारा मिनिटं."

"गाडी जरा हळू होती," तो म्हणाला. "खड्डा तोवर झाला होता."